गेलेल्या वर्षांचा विमा



आजचा विषय नावावरून तरी रुक्ष वाटेल. परदेशात कायम वास्तव्यासाठी अर्ज करताना आरोग्य विम्याचा पुरावा द्यावा लागतो, त्याबद्दल मी बोलणार आहे. इतिहासाच्या मालिकेत विमा कुठून आला, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच म्हणालो असतो. पण या एका अटीचा माग काढत गेलो आणि बिस्मार्क, गोवामुक्ती, लिस्बनचं नोंदणी कार्यालय, एक हॉटेलात खोल्या आवरणारी बाई, असं काय काय वाटेत भेटलं. म्हणून म्हटलं, तुमच्यापुढे मांडावं.

सुरुवात घरातूनच झाली. मी बेळगावचा. चोर्ला घाट उतरलं की पलीकडे डिचोलीला माझी मावशी. तिची मुलगी, म्हणजे माझी मावसबहीण, २००९ पासून इंग्लंडमध्ये स्विंडनला असते. लंडन आणि ब्रिस्टलच्या मधलं हे जुनं रेल्वेचं गाव. तिथे गोवेकरांची मोठी वस्ती आहे. २३ जून २०१६ ला ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला, आणि जुलैतल्या एका रविवारी तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता. "दादा, तू इतिहासवाला आहेस ना? मग मला एक सांग. मी इथे सात वर्षं आहे. आजारी पडले तर डॉक्टरकडे जाते, पैसे लागत नाहीत. माझं नाव दवाखान्यात आहे. आणि हा फॉर्म विचारतो, शिकत होतीस तेव्हा तुझा आरोग्य विमा कुठे होता? आता मी काय लिहू?"

मला उत्तर माहीत नव्हतं. तिला म्हटलं, थोडा वेळ दे.

आधी डिचोलीची मुलगी युरोपीय नागरिक कशी झाली ते सांगतो, कारण इंदूर-बडोदा-हैदराबादकडच्या अनेकांना हे नवीन असतं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६२ च्या आदेशाने तिथले लोक भारताचे नागरिक झाले. पोर्तुगालने मात्र हे सत्य मान्य करायला तेरा वर्षं घेतली. तिथली हुकूमशाही १९७४ मध्ये कोसळली, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला मारिओ सोआरेस यांनी नवी दिल्लीत करारावर सही केली. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली भारताचे, हे पोर्तुगालने कबूल केलं. जमिनीचा प्रश्न मिटला, माणसांचा उरला. मुक्तीपूर्वी तिथे जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा आपलेच नागरिक मानत राहिला. जुनी जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात चढवून घ्यायची, मग मुलांची चढवायची, नातवंडांनाही वाट मोकळी. पोर्तुगाल १ जानेवारी १९८६ ला युरोपीय समुदायात शिरला, आणि डिचोलीच्या जन्मदाखल्याची किंमत एकदम बदलली. कारण त्या दाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो, आणि त्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये नोकरी करता येत होती.

मावशीचा जन्म १९५५ चा. तिचा दाखला मी पाहिला आहे. आडनाव पोर्तुगीज धाटणीने लिहिलेलं, 'क'च्या जागी 'सी'. आधी तिची नोंद लिस्बनला गेली, मग बहिणीची. बहिणीने भारतीय पासपोर्ट परत केला, ओसीआय कार्ड घेतलं आणि थेट डिचोलीहून स्विंडनला गेली. पोर्तुगालमध्ये ती एक दिवसही राहिलेली नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली तीन वर्षं तिने एका गोदामात काम केलं. २०१२ मध्ये साठवलेल्या पैशांवर तीन वर्षांच्या पदवीला प्रवेश घेतला. २०१५ च्या सप्टेंबरपासून पुन्हा पूर्णवेळ नोकरी. म्हणजे तीन वर्षं काम, तीन वर्षं शिक्षण, मग परत काम. एक दिवस देशाबाहेर फुकट घालवला नाही, सरकारकडून मदत घेतली नाही.

युरोपीय कायद्याप्रमाणे दुसऱ्या सदस्य देशात सलग पाच वर्षं राहिलं की कायम वास्तव्याचा हक्क आपोआप मिळतो. कागद हा त्या हक्काचा फक्त दाखला. पण १२ नोव्हेंबर २०१५ पासून ब्रिटनने ठरवलं की नागरिकत्वाचा अर्ज करायचा तर हा दाखला आधी हवाच. फी होती ६५ पौंड आणि फॉर्म होता ८५ पानांचा. सार्वमतानंतर घाबरलेली माणसं त्या फॉर्मवर तुटून पडली, आणि तेव्हा त्यांना 'राहणं' या शब्दाचा सरकारी अर्थ कळला. सलग पाच वर्षं नुसतं राहून भागत नव्हतं. त्या प्रत्येक वर्षी तुम्ही कोण होता हे सांगावं लागे: नोकरदार, स्वतःचा धंदा करणारे, विद्यार्थी, की स्वतःच्या पैशांवर राहणारे. पहिल्या दोघांना विम्याचं कुणी विचारत नव्हतं. उरलेल्या दोघांकडे मात्र 'कॉम्प्रिहेन्सिव्ह सिकनेस इन्शुरन्स' हवा होता. आपण त्याला सर्वंकष आजारपणाचा विमा म्हणू.

बहिणीची मधली तीन वर्षं विद्यार्थ्याची. विमा नाही, म्हणजे ती तीन वर्षं हिशेबात नाहीत. ती गेली की मागची तीन एकीकडे आणि पुढचं एक दुसरीकडे. सलग पाच कुठेच नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग आता विमा काढावा. काढा ना, पण तो आजपासून लागू होईल. २०१२ चा विमा २०१६ मध्ये कोण विकणार? या अटीतली खरी मेख हीच आहे. पैसे नाहीत म्हणून अडलेला माणूस पैसे उभे करू शकतो, कागद हरवला तर दुसरी प्रत काढता येते. पण गेलेल्या वर्षाचा विमा कुठल्याही किमतीला मिळत नाही. आणि तो हवा आहे हे त्या वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं. कॉलेजनेही नाही. तिने तरी का विचारावं? फुकट दवाखाना असलेल्या देशात विमा काढायचं कुणाच्या डोक्यात येईल?

मग ही अट आली कुठून? इथे जरा मागे जावं लागेल.

१८८३ मध्ये बिस्मार्कने जर्मनीत कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. पद्धत अशी: पगारातून वर्गणी कापायची, मालकाने भर घालायची, ते पैसे आजार-निधीत जमा करायचे आणि सदस्य आजारी पडला की निधीने खर्च द्यायचा. म्हणजे दवाखान्याच्या दारात प्रश्न असा की, तू कुठल्या निधीचा सदस्य? युरोपातल्या बऱ्याच देशांनी कमीअधिक फरकाने हाच रस्ता धरला. युरोपीय समुदाय ज्या सहा देशांनी सुरू केला, त्यांच्या कायदेपंडितांच्या डोळ्यांपुढे उपचार म्हणजे विमा हेच समीकरण होतं.

ब्रिटनचीही सुरुवात विम्यानेच झाली, १९११ च्या कायद्याने. पण १९४२ च्या डिसेंबरात बेव्हरिजचा अहवाल आला, आणि ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. इथे निधी नाही, सदस्यत्व नाही, पावती नाही. करातून पैसा येतो, आणि देशात राहणाऱ्याला उपचार मिळतात. दारात प्रश्न एवढाच, की तू इथे राहतोस का?

गंमत पाहा, त्याच १९४८ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे राज्य विमा कायदा झाला, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत तो प्रत्यक्षात आला. आपण बिस्मार्कच्या रस्त्याने गेलो. गिरणीत किंवा कारखान्यात काम केलेल्या ज्यांच्या घरात ईएसआयचं कार्ड होतं, त्यांना वर्गणी, कार्ड, दवाखाना ही साखळी सांगावी लागत नाही. उलट सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून रांगेत उभं राहणं, हे बेव्हरिजच्या जवळचं. आता मला सांगा, सिव्हिल हॉस्पिटलचा केसपेपर हा विम्याचा पुरावा होईल का? बहिणीचा प्रश्न नेमका हाच होता, फक्त देश वेगळा.

युरोपात सुरुवातीला मुक्त संचार होता तो कामगारांना. काम न करणाऱ्यांनाही कुठेही राहता यावं, असा प्रस्ताव १९७९ मध्ये आला आणि अकरा वर्षं रखडला. सरकारांना धास्ती अशी की, गरीब देशातले म्हातारे आणि विद्यार्थी येऊन आपल्या तिजोरीवर बसतील. अखेर २८ जून १९९० ला तीन निर्देश मंजूर झाले: एक सर्वसाधारण माणसांसाठी, एक निवृत्तांसाठी, एक विद्यार्थ्यांसाठी. तिन्हींत दोन अटी. पोटापुरते पैसे हवेत, आणि यजमान देशातले सगळे धोके पत्करणारा आजारपणाचा विमा हवा. म्हणजे अटीमागचा विचार अगदी साधा होता, या पण आमच्यावर भार होऊ नका. मला ती मुळात अन्यायाची वाटत नाही. पाहुण्याने आपला डबा आणावा, इतकीच ती. घोटाळा झाला तो ती ब्रिटनमध्ये लावताना. तिथे खानावळ सगळ्यांना खुली होती, पाहुण्यालाही वाढत होते, आणि पाच वर्षांनी विचारत होते, तुझा डबा कुठे होता?

या अटीवर पहिला गाजलेला खटला बाउमबास्ट यांचा. जर्मन गृहस्थ, पत्नी कोलंबियाची, दोन मुली. १९९० मध्ये कुटुंब ब्रिटनला आलं. गृहस्थांनी १९९३ पर्यंत तिथे नोकरी, धंदा केला, मग जर्मन कंपन्यांसाठी चीनमध्ये आणि लेसोथोमध्ये कामाला गेले. कुटुंब ब्रिटनमध्येच. जर्मनीत त्यांचा पूर्ण विमा होता, उपचाराला सगळे जर्मनीला जात. १९९६ मध्ये ब्रिटनच्या गृहखात्याने मुदतवाढ नाकारली, आणि पुढे कारण निघालं की त्यांच्या जर्मन विम्यात ब्रिटनमधले तातडीचे उपचार बसत नाहीत. सर्वंकष म्हणजे सर्वंकष! १७ सप्टेंबर २००२ ला युरोपीय न्यायालयाने सांगितलं की हे प्रमाणाबाहेर आहे. माणूस स्वतःच्या पैशांवर जगतो, त्याने सरकारी तिजोरीला कधी हात लावलेला नाही, आणि विम्यातल्या एवढ्याशा फटीवरून तुम्ही त्याचा राहण्याचा हक्क काढून घेता? तसं करता येणार नाही.

दोनच वर्षांनी चेन खटल्याचा निकाल लागला. एका चिनी जोडप्याने बाळंतपणासाठी बेलफास्ट गाठलं, कारण आयर्लंड बेटावर कुठेही जन्मलेल्याला तेव्हा आयरिश नागरिकत्व मिळत होतं. बाळ आयरिश, म्हणजे युरोपीय. आईला त्याच्याबरोबर ब्रिटनमध्ये राहायचं होतं. आईबापांकडे पैसा होता आणि बाळाचा आरोग्य विमा काढलेला होता. न्यायालय म्हणालं, अटी पूर्ण आहेत, बाळाला राहण्याचा हक्क आहे, आणि आईशिवाय तो हक्क निरर्थक, म्हणून आईलाही. तान्ह्या मुलाची अट पूर्ण झाली कारण त्याच्या आईबापांनी आधी वकील गाठला होता. माझ्या बहिणीने गाठला नव्हता.

याच २००४ मध्ये, २९ एप्रिलला, जुने निर्देश मोडून एक नवा, एकत्रित निर्देश निघाला. पाच वर्षांनंतर कायम वास्तव्य ही कल्पना त्यातली. विम्याची अट मात्र तशीच पुढे आली. ३० एप्रिल २००६ पासून ब्रिटनने तो आपल्या नियमांत उतरवला, आणि 'सर्वंकष विमा' याचा आपला अर्थ लावला. खासगी पॉलिसी चालेल, पण बहुतेक उपचार त्यात बसले पाहिजेत. प्रवास विमा चालणार नाही. दात-चष्म्याचे पैसे परत देणाऱ्या योजना चालणार नाहीत. आणि एनएचएस तर नाहीच नाही.

आणखी एक सोय होती, युरोपियन हेल्थ इन्शुरन्स कार्ड. फ्रान्सहून आलेल्या विद्यार्थ्याने आपल्या देशाचं कार्ड दाखवलं की झालं. पण त्यासोबत लिहून द्यायचं की माझा इथे कायम राहण्याचा विचार नाही. पुन्हा वाचा हवं तर. कायम वास्तव्य मिळवायचं, त्यासाठी पाच वर्षांचा पुरावा द्यायचा, आणि तो पुरावा ग्राह्य कधी, तर त्या वर्षांत कायम राहायचा विचार नव्हता असं म्हटलं तर. सरकारी कागदांचा मी वर्षानुवर्षं वाचक आहे, पण अशी गाठ क्वचित पाहिली.

बहिणीला तीही सोय नव्हती. कार्ड मिळतं ते ज्या देशाच्या आरोग्य व्यवस्थेत तुमचं नाव आहे त्या देशाकडून. पोर्तुगालमध्येही १९७९ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे, पण ती तिथे राहणाऱ्यांना. ही तर डिचोलीहून थेट आलेली. पासपोर्ट पोर्तुगालचा, पण पोर्तुगालच्या एकाही दवाखान्याला तिचं नाव माहीत नाही. स्विंडनच्या दवाखान्याला नाव माहीत, पण तो पुरावा नाही. लिस्बनच्या विद्यार्थिनीला जे सहज मिळालं असतं, ते गोव्याच्या वाटेने गेलेल्या पोर्तुगीज नागरिकाला मिळत नव्हतं.

उलट भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्या विद्यार्थ्याचं बघा. एप्रिल २०१५ पासून व्हिसाच्या वेळीच आरोग्य अधिभार घेतला जाऊ लागला, तेव्हा वर्षाला २०० पौंड, विद्यार्थ्यांना १५०. आता तो १,०३५ वर गेला आहे. खिशाला चटका बसतो, पण पैसे भरले की विषय संपला. पुढे कुणी विम्याचं विचारत नाही.

युरोपीय आयोगाला ब्रिटनचा हा अर्थ पटत नव्हता. एप्रिल २०१२ मध्ये आयोगाने ब्रिटनला रीतसर बजावलं की, एनएचएसलाही विमा मानायला हवं. ब्रिटनने ऐकलं नाही. जुलै २०१४ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने अहमद खटल्यात सरकारच्याच बाजूने निकाल दिला. अर्जदार पाकिस्तानी गृहस्थ, पत्नी डेन्मार्कची नागरिक. ती आधी नोकरीत होती, आजारपणानंतर शिकायला लागली, आणि त्या काळात विमा नव्हता. न्यायालय म्हणालं, एनएचएसचे उपचार मिळत होते हे पुरेसं नाही, कारण भार पडू नये हाच तर अटीचा हेतू आहे. हा निकाल मी बहिणीला फोनवर वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "ही तर माझीच गोष्ट." खरंच होतं. काम, मग शिक्षण, मधे विमा नाही.

तर्क म्हणून अपील न्यायालयाचं म्हणणं पोकळ नाही, हे कबूल करतो. एनएचएसचा खर्च यजमान देशच करतो, मग त्याचा आधार घेणारा भार नाही असं कसं म्हणायचं? पण मग नियम केला त्या दिवशी दवाखान्याच्या दारावर पाटी लावायची होती, की युरोपीय विद्यार्थ्यांनी विमा दाखवावा. दारात विचारलं नाही, उपचार दिले, आणि हक्क मागायची वेळ आली तेव्हा विचारलं. माझा आक्षेप तेवढाच आहे, आणि तो मला अजूनही बिनतोड वाटतो.

मग मी एक वेगळा दरवाजा शोधायला लागलो. मघाशी सांगितलं, नोकरदाराला विमा लागत नाही. पण नोकरदार कुणाला म्हणायचं? यावर १९८२ चा लेव्हिन खटला आहे. एक ब्रिटिश बाई नेदरलँड्समध्ये हॉटेलातल्या खोल्या आवरण्याचं अर्धवेळ काम करायची. डच सरकार म्हणालं, एवढ्याशा कमाईत भागत नाही, ही नोकरदार नव्हे. २३ मार्च १९८२ ला युरोपीय न्यायालयाने सांगितलं, काम खरं असेल, नुसतं नावापुरतं नसेल, तर अर्धवेळ कामगारही कामगारच. चार वर्षांनी केम्फ खटल्यात आठवड्याला बारा तास शिकवणारा संगीत शिक्षकही त्यात बसला. म्हणजे अट अशी उलटी झाली. पूर्णवेळ अभ्यास करणाऱ्या मुलीला विमा हवा, आणि तीच मुलगी शनिवार-रविवार दुकानात उभी राहिली तर नको.

मी विचारलं, "शिकताना काही काम केलंस का?" ती म्हणाली, "पहिल्या वर्षी शनिवारी एका दुकानात जात होते. पुढे अभ्यास झेपेना म्हणून सोडलं." एका वर्षाने दोन वर्षांचं भगदाड बुजत नव्हतं. शिवाय मार्च २०१४ पासून ब्रिटनने कमाईची किमान रेषाही आखली होती. तरी तिने बुटांच्या खोक्यातून जुन्या पे-स्लिपा काढल्या, दोन रविवार त्यांची जुळवाजुळव केली. जमलं नाही. तो ८५ पानी फॉर्म तिने अर्धा भरून कपाटात ठेवला आणि पाठवलाच नाही.

तेव्हा गोव्यात मावशीचं आजारपण सुरू होतं. बहीण सुट्टी काढून यायची, पण परत जाताना विमानतळावर आता काय विचारतील या धास्तीने आठ दिवसांतच निघायची. कायद्याने तिला तसं भ्यायचं कारण नव्हतं, नोकरी चालू होती. मी ते समजावत होतो. पण कागद हातात नसलेल्या माणसाला कायदा समजावून उपयोग नसतो, हेही मला दिसत होतं.

जून २०१७ च्या अखेरीस ब्रिटिश सरकारने वाटाघाटींसाठी प्रस्ताव मांडला, आणि त्यात म्हटलं की नव्या व्यवस्थेत मागच्या विम्याचा पुरावा मागणार नाही. ज्या अटीसाठी न्यायालयात लढले, ती एका परिच्छेदात सोडून दिली. कारण उघड होतं. तीसेक लाख माणसांची नोंद करायची तर दरेकाचा २००८ चा विमा कोण तपासणार? नवी योजना ३० मार्च २०१९ ला सगळ्यांना खुली झाली. सलग पाच वर्षं राहिल्याचं दाखवायचं, बस्स. काय करत होता, हा प्रश्नच नाही. नागरिकत्वासाठी मात्र जुनी अट मागच्या दाराने डोकावत राहिली. तिचा काटा २०२२ मध्ये कायदा बदलून काढला गेला.

आणि त्याच २०२२ च्या १० मार्चला युरोपीय न्यायालयाचा निकाल आला. खटला उत्तर आयर्लंडमधला, पाकिस्तानी आईचा आणि तिच्या आयरिश नागरिक असलेल्या मुलाचा. ब्रिटन तोवर बाहेर पडलं होतं, पण प्रश्न आधीच पाठवलेला असल्याने निकाल लागू होता. न्यायालयाने म्हटलं, सरकार सुरुवातीला खासगी विम्याची किंवा वर्गणीची अट घालू शकतं. पण एकदा माणसाला सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेत फुकट सामावून घेतलं, की त्याच्याकडे सर्वंकष विमा आहेच. म्हणजे आयोग दहा वर्षांपूर्वी जे म्हणत होता तेच. ज्यांचे अर्ज मधल्या काळात फेटाळले गेले, त्यांची गेलेली वर्षं या निकालाने विमाधारक ठरली.

पुण्या-बंगळुरूहून जर्मनीला निघालेली तरुण मंडळी हे भाग ऐकतात, त्यांच्यासाठी जाता जाता एक. २००३ च्या नोव्हेंबरातला एक युरोपीय निर्देश संघाबाहेरच्या नागरिकांना पाच वर्षांनी दीर्घ वास्तव्याचा दर्जा देतो, आणि त्यातही आजारपणाच्या विम्याची अट आहे. जर्मनीत पगारातूनच वर्गणी कापली जाते, आणि आजार-निधी सदस्यत्वाचं पत्र देतो, त्यामुळे नोकरदाराला हे जड जात नाही. अडचण येते ती नोकरी सुटून मधे महिने गेलेल्यांना, आणि निघताना घेतलेल्या स्वस्त प्रवास विम्यावरच वर्ष काढणाऱ्यांना. ते पत्र दरवर्षी मागून ठेवा.

बहिणीने २०१९ च्या एप्रिलमध्ये नव्या योजनेत अर्ज केला, मोबाइलवरून, पासपोर्टची चिप वाचून. नोकरीची वर्षं कराच्या नोंदीत आपोआप सापडली. एप्रिल २०१४ ते सप्टेंबर २०१५ हा तुकडा तेवढा रिकामा होता, शेवटचं दीड वर्ष. तिथे राहत होते हे दाखवायला कागद जोडा, असं पडद्यावर आलं. तिने कॉलेजचं पत्र जोडलं. आणखी काय चालेल म्हणून यादी पाहिली, तर त्यात डॉक्टरकडे तपासणीला गेल्याचं पत्रही होतं. तिने दवाखान्यात जाऊन ते मागितलं. २०१४ च्या हिवाळ्यात तिला खोकल्याने महिनाभर छळलं होतं. त्या भेटींच्या तारखा पत्रात एकाखाली एक लिहिलेल्या होत्या.

तीन वर्षांपूर्वी ज्याची काडीची किंमत नव्हती, तेच दवाखान्यातलं नाव आता पुरावा म्हणून स्वीकारलं गेलं. मंजुरीचा ई-मेल आला त्या रात्री तिने तो मला पाठवला, आणि खाली त्या पत्राचा फोटो. मी मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खोकला बरा झाला ना पण?"